टेलला अप्पा

पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, तेव्हापासून शहरातल्या मळमड्डी भागात राहतो. जवळच्याच सप्तापूर वस्तीतल्या चार प्राध्यापकांना घेऊन अधूनमधून डोंगर चढतो. गेल्या श्रावणात कारवारजवळचा, समुद्राच्या अंगाचा एक डोंगर ठरला. या वेळी परसूचे वडील, अप्पाही आले. मी हवालदार असताना परसू माझ्या सेक्शनमध्ये नायक होता. उत्तरेत, सीमेवर, धुक्यात गोळी लागून गेला. अप्पा अळणावरजवळच्या खेड्यात भात पिकवतात. "पोरगा गेला त्ये धुकं कसं असतंय, एकदा दाव," एवढंच त्यांनी मागितलं होतं.

सकाळी नऊला चढायला लागलो. जंगल दाट, धुक्यात पुढचा तिसरा माणूस दिसेना. मी पलटणीतल्या गस्तीचे नियम लावले. माणसामाणसांत पाच पावलं, दर अर्ध्या तासाला हॉल्ट, बोलणं पूर्ण बंद. सबब गव्यांची सांगितली. खरं म्हणजे धुक्यात माणसाचा आवाज मलाच सोसत नाही. सगळ्यांत मागे, टेलला, अप्पा. आयुष्य रानात काढलेला माणूस म्हणून ती जागा मीच त्यांना मोठ्या मानाने दिली होती.

साडेदहाच्या हॉल्टला मोजणी केली. मला धरून पाचच भरले.

"अप्पा कुठे?"

त्यांच्या पुढे चालणारे सर गोरेमोरे झाले. "मागेच आहेत असं वाटलं. आवाज कसलाच नव्हता."

आवाज असणार कसा? तो मीच बंद केला होता. सत्तरी उलटलेल्या माणसाला शेवटी ठेवायचं आणि वर गप्प बसवायचं, अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच. वाटेच्या एका अंगाला सरळ दरी होती. त्या घरातला एक माणूस आधीच गेला होता. आता अप्पांच्या बायकोला मी काय तोंड दाखवणार होतो?

चौघा सरांना तिथेच बसवून मी उलटा निघालो. दहा पावलं चालायचो, थांबून ऐकायचो. काही नाही. शेवटी ओरडलो. तिसऱ्या हाकेला खालून उत्तर आलं.

"हितं हाय."

दहा पन्नासला अप्पा सापडले. वाटेवरून घसरून एका झाडाच्या मुळीला धरून बसले होते. घोटा सुजला होता. दरी हातभर लांब.

"हाक का नाही मारलीत?"

"तूच सांगिटलास की, आवाज करायचा न्हाई म्हणून." घोटा चोळत ते म्हणाले, "परसूनं ऐकलं न्हाई. वरडला आणि गेला. गावात समद्यांस्नी ठाऊक हाय."

मी तिथेच चिखलात बसलो. आवाजावर शत्रूचा फायर आला, एवढंच गावापर्यंत पोहोचलं होतं. पुढचं मी कधी सांगितलंच नव्हतं. हिंमत झाली नव्हती.

"अप्पा, त्या दिवशी रेडिओ बंद पडला होता. मी वाट चुकून कड्याकडे चाललो होतो. मधेच धुकं फाटलं आणि त्याला मी दिसलो. 'हवालदार, थांबा,' म्हणून तो ओरडला. मी थांबलो. मग त्याच्यावर फायर आला. तो माझ्यासाठी ओरडला."

मुळी सोडून अप्पा माझ्याकडे वळले.

"म्हंजे चुकला न्हाई त्यो."

"नाही. मी आज घरी जेवतो, नातीला शाळेत सोडतो, ते त्याच्यामुळे. त्याचे उपकार आहेत माझ्यावर. तुमचेही."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी टॉवेलने घोटा बांधला, त्यांना वाटेवर आणून उभं केलं. माथा राहिला तो राहिलाच. निघण्याआधी अप्पांनी दरीकडे तोंड केलं आणि बांधावरून पोराला जेवायला बोलवावं तशी मोठ्याने हाक मारली.

"परसूऽ"

मी सावधान उभा राहिलो.