गंगारामच्या जीपला वजन पाहिजे

त्याची जीप गॅरेजच्या दारात थांबली तेव्हा मी एका टेम्पोखाली उताणा पडलेलो होतो. आवाजावरून ओळखली आणि नेहमीसारखी खालूनच हाळी दिली, "काय रे बाटलीवाल्या, आज कुणाला पाजायला निघालास?" उत्तर आलं नाही. शिवी खाऊन गप्प बसणाऱ्यातला गंगाराम नव्हे... मी सरकत बाहेर आलो तर स्टेअरिंगवर त्याचा पुतण्या विलास, डोळे लाल. काका दुपारी जेवून पडवीत आडवा झाला तो उठलाच नाही, म्हणाला. मी तसाच त्याच्या शेजारी बसलो. पोलादपूरपासून उमरठच्या पुढे त्यांची वाडी. हातात पाना तसाच राहिलाय, हे मला त्यांच्या अंगणात उतरल्यावर कळलं.

गंगाराम माझा शाळेपासूनचा दोस्त. मी महाडला आयटीआय करून हायवेला गॅरेज टाकलं. तो मुंबईत काही वर्षं टॅक्सी हाकून कंटाळला, परत आला आणि ही डिझेलची जीप घेतली. वाडीचं सगळं त्या जीपवर. बाजार, दवाखाना, परीक्षेची पोरं, गणपतीला येणारे चाकरमानी आणि त्यांची बोचकी. दहाव्याला त्याचा मुलगा महेश, जो मुंबईत नोकरीला आहे, मला बाजूला घेऊन म्हणाला की जीप म्हातारी झाली, चढाला काळा धूर ओकते, विकून टाकावी असं वाटतंय. पण तुम्ही एकदा इंजिन खोलून बघा आणि सांगा, ठेवण्यासारखी आहे की भंगारात घालायची. म्हणजे वाडीला गाडी राहणार की नाही, हे माझ्या शब्दावर ठरणार होतं. आणि खोटं कशाला सांगू, त्या दुःखातही मला हसू आलं. कारण ते इंजिन खोलायला मिळावं म्हणून मी जन्मभर गंगारामच्या मागे लागलो होतो, आणि पठ्ठ्याने मला शेवटपर्यंत हात लावू दिला नव्हता.

आमचं भांडणच ते. डिझेल जळतं त्याची काजळी, म्हणजे कार्बन, इंजिनात आत धरते, थरावर थर बसतात, मग गाडीला दम लागतो आणि चढाला ती रडते. माझं म्हणणं सरळ, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवायचं, हाताने घासून कार्बन काढायचा आणि परत बसवायचं. गंगारामचं म्हणणं, माणसाला पडसं झालं म्हणून कोण छाती फाडतं काय? तो महाडच्या दुकानातून एक बाटली आणायचा, कार्बन साफ करणाऱ्या औषधाची, आणि ती डिझेलच्या टाकीत ओतायचा. ती सुद्धा टाकीत डिझेल तळाला गेल्यावर. औषध उपाशीपोटी घ्यायचं असतं, हा त्याच्या आईचा नियम, तो त्याने जीपला लावला होता! एकदा असाच उपाशीपोटी डोस देऊन घाटात निघाला आणि वर डिझेल भरायचं विसरला. जीप अर्ध्या घाटात आचके देऊन थांबली. मी कॅन घेऊन पोचलो तर हा बोनेटवर बसून मला सांगतो, "बघ, औषध लागू पडलाय. पेशंट झोपलाय." त्या दिवशी मी त्याला इतक्या शिव्या दिल्या की वरून उतरणारा ट्रकवाला गाडी थांबवून ऐकत बसला.

घाटात का, तर तो औषधाचा दुसरा भाग. गंगाराम सांगायचा की इंजिन सणसणून तापल्याशिवाय कार्बन सुटत नाही, आणि रिकामी गाडी तापत नाही. बाटली ओतली की भरल्या गाडीने महाबळेश्वरचा घाट चढायचा, तेव्हाच घाण धुरातून बाहेर पडते. यातलं निम्मं खरं होतं म्हणून मला तोंड उघडता यायचं नाही. शिमगा उरकला की एकदा आणि भात झोडून घरात आलं की एकदा, अशी बाटली ठरलेली. आदल्या दिवशी तो वाडीत फिरून सांगायचा, गाडीला वजन पायजे, उद्या या. आणि वजन म्हणून कोण यायचं? वाडीतल्या बाया. भाकऱ्या बांधून, ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून, एकीच्या मांडीवर दुसरी. मी एकदा म्हटलं, अरे वजनच हवंय तर भाताची पोती टाक. तर म्हणाला, पोती गाणी म्हणत नाहीत.

मी दोनतीनदा बरोबर गेलोय. पोलादपूर सोडलं की गाणी सुरू, वळणावर किंचाळ्या, मागे धुराचा हा लोट. वर प्रतापगडाच्या फाट्यापाशी जीप थांबली की सगळ्या उतरून कमरा मोकळ्या करायच्या, भाकरी सोडायच्या, टपरीवरची गरम भजी खायच्या. म्हातारी येसूआजी दरवेळी स्ट्रॉबेरी विकत घ्यायची, दरवेळी एक चावून तोंड वाकडं करायची आणि आपली करवंदं याच्यापेक्षा बरी, असा निकाल द्यायची. गंगाराम तेवढ्यात बोनेट उघडून गंभीरपणे इंजिनाकडे बघत उभा असायचा, जसं काही नाडीच बघतोय. मग मान हलवून सांगायचा, अजून थोडा कार्बन हाय, जरा वेळ थांबू. असा सूर्य कलेपर्यंत कार्बन असायचा.

तर गेल्या महिन्यात मी हेड उतरवलं. महेश समोर उभा, आणि त्याच्याबरोबर वहिनी आलेल्या, गंगारामची बायको. पिस्टनवर कार्बन असा बसलेला, जशी भाताच्या टोपाला करपलेली खरवड. व्हॉल्व काळे ठिक्कर. मी पेटलोच. इतकी वर्षं घसा कोरडा केला, या बाटलीने काही होत नाही म्हणून, हे बघा, हे बघा! असं मी बोलत सुटलो आणि मध्येच थांबलो... भांडण मी जिंकलो होतो, आणि ज्याला सांगायचं तोच नव्हता. रडू आलं, ते लपवायला मी उगाच पाने शोधायला लागलो.

वहिनी मात्र पिस्टनकडे बघून हसल्या. तो गेल्यावर पहिल्यांदाच हसत असाव्यात. म्हणाल्या, "भावजी, त्यांना काय ठावं नव्हता होय? बाटली इंजिनाला नव्हतीच, आमाला होती. फिरायला जातो म्हटलं तर घरात कोण सोडील? शेण कोण काढील, गुरांना कोण बघील? पण गंगारामच्या गाडीला वजन पायजे म्हटल्यावर सासूपण नाय म्हणू शकत नाय. उद्या तिलाच दवाखान्यात न्यायची असते ना त्याच गाडीतून."

हा लबाड माणूस माझ्याशी वर्षानुवर्षं इंजिनावरून भांडला, माझ्या सगळ्या शिव्या पोटात घातल्या, आणि खरं कारण मला कळू दिलं नाही! मला कळलं असतं तर मी चार लोकांत बोललो असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. महेशने आईला विचारलं, तू पण जायचीस? वहिनी म्हणाल्या, पुढची शीट माझीच असायची. महेशने पुढे विकण्याचा विषय काढला नाही. विलासच्या हाती गाडी देऊ म्हणाला, आणि मला काम सुरू करायला सांगितलं. मी ते इंजिन घासलं तसं आयुष्यात दुसरं घासलं नसेल. आता ती जीप चढाला अशी ओढते की मागे धुराची रेघ दिसत नाही.

परवा शिमगा उरकला, पालखी वाडीच्या देवळात परत बसली म्हणून नमस्काराला गेलो होतो. वहिनींच्या पडवीत चहा घेत होतो, तेवढ्यात येसूआजी आली, मागे चारपाच जणी. त्यांच्या घरची माणसं अंगणात बसलेली, कान देऊन. आजीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मिस्त्री, इंजिन तू खोललंस म्हणं. मंग आता वजनाची गरज नसंल?"

मी आजवर गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलेलं नाही, तो माझा एकच अभिमान. कपातला चहा संपवला, मान गंभीरपणे हलवली आणि म्हणालो, "कार्बन लय हाय, आजी. उद्या सगळ्या या."