गोकुळ शाहिराचा झीलकरी

बजाजनगरात बद्रीनाथला सगळे नुसतं काका म्हणतात. दौलताबादकडच्या गावांत मात्र एखादं जुनं माणूस भेटलं तर अजून विचारतं, तुम्ही गोकुळ शाहिराचे झीलकरी ना? आठवडाभर वाळूजच्या कंपनीत लेथवर काम, आणि जत्रा असो की जयंती, बोलावणं आलं की शाहिराच्या मागं उभं राहायचं, असं त्याचं अर्धं आयुष्य गेलं.

झील म्हणजे पोवाड्यातला मागचा आवाज. शाहीर पुढं होतो, डफावर थाप मारतो, ओळ म्हणतो आणि तिचे शेवटचे शब्द सोडून देतो. ते खाली पडायच्या आत मागच्यांनी उचलायचे, लांबवायचे, वर 'जी जी' चढवायचं. तेवढ्यात शाहिराला दम खाता येतो. शब्द आला कुठून, हे बद्रीनाथला ठाऊक नव्हतं. शाहीर म्हणायचे, झेलतो ती झील. हा त्यांचा आपला अंदाज होता, पण बद्रीनाथला तो पटला होता. कंपनीत हाच शब्द वेगळ्या अर्थानं यायचा. साहेबाच्या हो ला हो करणारा दिसला की लोक म्हणायचे, बघा, झील ओढतोय. कोणी म्हणायचं, री ओढतोय. बद्रीनाथ ऐकायचा आणि लेथ चालू करायचा.

कोरोनात त्याची बायको गेली. मुलगी मेघा नाशिकला दिलेली. तो रिटायर झाला, आणि गेल्या उन्हाळ्यात गोकुळ शाहीरही गेले. ढोलकीवाला आधीच पुण्याला निघून गेला होता. पार्टी मोडली असं कोणी म्हणालं नाही; फक्त बोलावणी यायची थांबली. त्यानंतर बद्रीनाथचं बोलणं दूधवाल्याशी आणि फोनवर मेघाशी, एवढंच उरलं.

सप्टेंबरात कॉलनीतला अभय घरी आला. मुक्तिसंग्राम दिनाला कार्यक्रम ठेवलाय, काका, तुम्ही पोवाडा म्हणा, असा त्यानं आग्रह केला. बद्रीनाथ हो म्हणून बसला.

शाहिरांनी स्वतः रचलेला, शहराला डोंगरातलं पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीचा पोवाडा त्यानं मनाशी धरला. दार लावून म्हणायला बसला, तर तोंडात आलं ते 'वाट पाहतं, हो जी जी'. त्याच्या आधीचं काही येईना. दुसरं कडवं घेतलं, त्याचंही शेपूटच आलं. इतकी वर्षं त्याचा कान ओळीच्या शेवटाकडं लागलेला असायचा. सुरुवात शाहिरांची, ती त्यानं कधी आपली मानलीच नव्हती. दोन दिवस तो खोलीत नुसते शेवट म्हणत बसला.

मग दौलताबादची बस धरली. शाहिरांची बायको द्वारकाबाई किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू विकते. त्या दिवशी पावसाची भुरभुर होती, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ती घरीच ओसरीवर पेरू निवडत बसली होती. बद्रीनाथ म्हणाला, "वहिनी, मला शेवट येतो. सुरुवात येत नाय."

तिनं एक पिकलेला पेरू बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ते पहाटं म्हणायचे अन् मी भाकरी थापायचे. मला कोणी कधी इचारलं नाय."

आणि खाली मान घालूनच तिनं सुरू केलं,

*डोंगराच्या पोटी पाणी वाहतं,*
*शहर तान्हेलं वाट पाहतं*

शाहीर थांबायचे नेमकी तिथंच ती थांबली. बद्रीनाथच्या गळ्यातून झील आपोआप निघाली. ती संपली तसं दोघांनाही एकमेकांकडं बघवेना. थोड्या वेळानं द्वारकाबाईनं पुढची ओळ घेतली. अंधारून येईस्तोवर अख्खा पोवाडा झाला. ऐकायला दारातल्या दोन शेळ्या तेवढ्या होत्या.

स्टेजवर तुम्हीच चला, मी मागं उभा राहतो, असं त्यानं म्हणून बघितलं. तिनं मान हलवली. "लोकांत नाय, भाऊजी. हे तुमी न्या." मग तिनं त्याच्याकडून सगळं पाठ करून घेतलं, आणि शाहिरांचा डफ फडक्यात गुंडाळून दिला.

कार्यक्रमाला गर्दी बरी होती. शाळेच्या पोरींचा नाच झाला, मग अभयनं त्याचं नाव पुकारलं. बद्रीनाथ पहिल्यांदाच स्टेजच्या पुढच्या कडेला उभा राहिला. डफावर थाप मारली. ओळ आली, पुरी आली, चांगली आली. 'वाट पाहतं' म्हणून तो थांबला.

मागं कोणी नव्हतं. हे त्याला माहीत होतं. तरी सवयीनं तो थांबला आणि कान मागं लावून उभा राहिला. समोरच्यांना वाटलं, म्हातारा विसरला. कोणीतरी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. मग त्यानं स्वतःच झील घेतली, बारीक आवाजात. असं प्रत्येक ओळीला केलं. दम पुरेना. तीन कडवी झाली आणि तो नमस्कार करून खाली उतरला. अभयनं शाल घातली, लई भारी झालं म्हणाला. मागं डीजे सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं द्वारकाबाईला फोन केला. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "झील कोणी धरली?"

"मीच."

ती मग म्हणाली, "सवडीनं या कधी."

येतो म्हणाला, पण गेला नाही. तिच्या तोंडून ती ओळ परत ऐकायची, आणि शाहिरांसारखीच ती तिथं थांबणार, हे त्याला सोसवेल असं वाटेना. दिवाळी झाल्यावर मात्र डफ परत करायला म्हणून गेला. तिनं चहा केला. पेरूचा भाव, तिचे गुडघे, मेघाची बदली, असं बोलणं झालं. पोवाड्याचं तिनं काढलं नाही, त्यानंही नाही. डफ तिनं आत नेऊन ठेवला आणि स्टॉपपर्यंत त्याला सोडायला आली. बसला उशीर होता. दोघं रस्त्याकडं बघत उभी राहिली. बस आली तशी ती म्हणाली, जपून जा. त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. त्यानं बाहेर बघितलं, तोवर ती घराकडं वळली होती.