अर्ध्या बागेत थांबणारा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर दुरुस्तीला बोलावलं म्हणून मी शेंदूरजनाघाटच्या एका बागेत पोचलो तेव्हा दोघं जण पाने घेऊन इंजिन उतरवायच्या तयारीत होते. ट्रॅक्टर जुना. मालक सुधाकरभाऊ, संत्रावाले. पोळा नुकताच झाला होता आणि फळगळ सुरू झाली होती. पावसाची उघडीप होती तेवढ्यात फवारणी उरकायची, तर ट्रॅक्टर अर्ध्या बागेत थांबायचा. आधीच्या मेकॅनिकचं निदान, ‘इंजिन बसलं, अकोल्याले पाठवा.’ ते परत येईपर्यंत झाडावर फळ उरलं नसतं.

"थांबा, खोलू नोका," मी म्हटलं. "काय होते नेमकं?"

"दोन-चार ओळी चालते, मंग दम टाकते. थंडं होऊ देल्लं की पुन्हा सुरू. इग्निशनची वायर गेली असन," सुधाकरभाऊ म्हणाले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची, तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा, ते आपोआप पेटतं. किल्ली फक्त स्टार्टर फिरवते. वायरवर उगाच आळ.

ट्रॅक्टर चालवायला लावला आणि मागे चालत राहिलो. तिसऱ्या ओळीत आवाज उतरला, बंद. इंजिन तापलेलं नव्हतं. स्टार्टर मारला, तर धूरसुद्धा नाही. म्हणजे डिझेल पोचत नव्हतं. पंपाजवळचा स्क्रू सैल केला, नुसते थेंब. फिल्टर तर नवा होता.

"थंडं होईलोक तुमी काय करता?"

"काई नाई. टाकीचं झाकन खोलून डिझेल पायतो, तंबाकू खातो."

मी झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत गेली. सैल स्क्रूतून डिझेलची धार लागली; तो आवळून स्टार्टर मारला, ट्रॅक्टर सुरू.

तेलाच्या पिप्याला आपण दोन भोकं पाडतो, एक तेलाचं, एक हवेचं. टाकीच्या झाकणालाही हवेचं बारीक भोक असतं. इथे ते लाल ऑइल पेंटनं बुजलं होतं, म्हणून डिझेल उतरत नव्हतं. हे न बघता इंजिन उतरवायला लावणाऱ्या त्या मेकॅनिकचा मला भयंकर राग आला.

"रंग कोनं देल्ला?"

सुधाकरभाऊंनी आवाज खाली आणला. "बैलजोडी इकली ना. पोळ्याले दारात काई तं सजलेलं पायजे म्हनून घरवालीनं रंगवला. तिले नोका सांगू, भाऊ."

सुधाकरभाऊंच्या पत्नी लताबाई चहा घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून माझ्या हातात दिली.

"बैल असता तं नाकपुड्या सोडूनच रंगवला असता मी," त्या म्हणाल्या. "याचं नाक झाकनात हाये, हे मले कोनं सांगतलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. पिनेनं भोक मोकळं केलं. अंधार पडायच्या आत सगळी बाग फवारून झाली.

आता पोळ्यानंतर असा फोन आला की मी इंजिनाचं नंतर विचारतो. आधी विचारतो, रंग कोणी दिला?