घरचा पेशंट

एकही आजार नसताना सगळे आजार काढलेला माणूस जगात एकच, तो म्हणजे टेंभुर्णीचे माझे मामा. त्यांची पोरगी बारावी सायन्स झाली, सीईटी देऊन जालन्याला बी.एस्सी. नर्सिंगला लागली, तेव्हा मामांनी चौकशी केली की या पदवीला अजून काय काय लागतं. चार वर्षं, हजेरी, वॉर्डातली ड्युटी, प्रॅक्टिकल, असं ती सांगत गेली. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पेशंट लागतो. मंग घरचा असताना बाहेरचा कशाला?"

तेव्हापासून शनिवारी पोरगी घरी आली की मामा खाटेवर आडवे. पेशंटला न उठवता अंगाखालची चादर कशी बदलायची, याचा सराव चाले. मामा इतक्या मनापासून बेशुद्ध पडत, की एकदा शेजारच्या काकू गळा काढतच आत आल्या आणि त्यांना सावरायला पेशंटलाच उठावं लागलं. डोक्याचं बँडेज किती टिकतं हे बघायला ते तसेच आठवडी बाजारात गेले. अर्ध्या गावानं विचारलं, कुठं पडलात? "पडलो न्हाई," मामा सांगत, "तिसऱ्या वर्षाला हाये." लक्षणं सांगण्यात तर त्यांचा हात फारच सढळ. "अण्णा, काय त्रास होतो?" असं पोरीनं विचारलं की म्हणायचे, "तुला कोंचा पायजे?"

शेवटच्या वर्षी एकदा तिनं बीपी घेतलं, तर आकडा बराच वर. पुन्हा घेतलं. मामा खूश. "बघ, बापानं मशीनला बी फसवलं." त्या दिवशी त्यांचं डोकं खरंच दुखत होतं, पण नाटकाच्या नादात तेवढं सांगायचं राहिलं होतं. पोरीनं त्यांना गाडीवर बसवून जाफराबादला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं वेळेवर आणलंत. गोळी सुरू झाली. घरी येऊन मामांनी मामीला सांगितलं, "पोरगी पास झाली." परीक्षेला अजून अवकाश होता.

आता ती पुण्याला मोठ्या दवाखान्यात नोकरीला आहे. मामा गोळी बिलकुल चुकवत नाहीत, पण बीपी गावात कुणाला घेऊ देत नाहीत. परवा मी गेलो, तो नेमका शनिवार होता. बोलता बोलता मामांनी बाही वर सरकवली आणि खाटेवर आडवे झाले. मला त्यातलं काही येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी मी खुर्ची ओढून विचारलं, "काय होऊन राह्यलंय, मामा?"

"काईच न्हाई," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला ते खरोखर आजारी वाटले.