तुटलेल्या धाग्याची खूण
हेडफोनच्या गादीचं काळं रेक्झिन आज पुन्हा घामाने सुटून कानाला चिकटलं, आणि त्या आंबूस वासासरशी डिंडोलीच्या आमच्या खोलीतली ती संध्याकाळ आठवली. साड्यांच्या ऑर्डरी फोनवर घेण्याची माझी नोकरी तेव्हा नवी होती. हेडफोनखाली चष्म्याच्या काड्या रुतून दिवसभर कानशिलं ठणकायची, आणि हेडफोन काढून ठेवला तरी डोक्यावर कोणीतरी बसल्यासारखं वाटायचं. वडील लूमवर कारागीर. मागांच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून घरात सगळे ओरडूनच बोलत. मी दारात पाऊल टाकताच आईने कुकरच्या शिटीवर आवाज चढवून विचारलं, "काय व्हयनं वं, डोकं दुखस का?" मी कान दाबून भिंतीला टेकले. वडील समोर येऊन बसले. कारखान्यात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनीच बोलतात. त्यांनी दोन बोटं जुळवून झटक्यात लांब केली: धागा तुटला, माग थांबला? मी मान डोलावली. त्यांनी गॅस बंद केला आणि पाण्याचा तांब्या गुपचूप माझ्यापुढे ठेवला. त्या दिवसातल्या तेवढ्या एकाच बोलण्याने कान दुखले नाहीत. आता वडील गावी असतात, फोनवरचं त्यांना काहीच ऐकू येत नाही. मी व्हिडिओ कॉल लावते, ते आधी माझ्या लाल कानांकडे बघतात, मग तीच दोन बोटं लांब करतात. आणि मी तळहात मागातल्या धावत्या धोट्यासारखा इकडून तिकडे हलवून खोटंच सांगते, माग चालू आहे.