पुएब्लात ओढून घेतलेलं दार

दार माझ्या पाठीमागं खट् करून लागलं आणि नातू आत राहिला. पाळण्यात झोपला होता, अजून नीट बसताही येत नव्हतं त्याला. गॅसवर दूध ठेवलेलं. मी रस्त्यावर, अनवाणी, हातात कचऱ्याची पिशवी.

दाराला बाहेरून नुसती मूठ होती. ती किल्लीशिवाय फिरत नव्हती. दार लोखंडी. मी लाथ मारली, पायाला लागलं, दाराला काही झालं नाही.

हे शहर म्हणजे मेक्सिकोतलं पुएब्ला. मुलगा तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होता. सून बाळंत झाली, तिला आई नव्हती, म्हणून मला नेलं. तोवर मी कोल्हापुरात, राजारामपुरीत खानावळ चालवत होते. क्लासला आलेली पोरं जेवायला असायची. दार सकाळी उघडलं की रात्री झोपतानाच लागायचं. मधे कुठं जायचं झालं तर ओढून घ्यायचं, कुत्रं शिरू नये एवढ्यापुरतं. किल्ली आमच्या घरात कुणी खिशात घेऊन फिरलं नाही. पुएब्लातही हाताने तेच केलं.

तिथं कचऱ्याच्या गाडीपुढं एक माणूस हातातली घंटा वाजवत चालतो. घंटा ऐकली की पिशवी घेऊन पळायचं, गाडी कुणासाठी थांबत नाही. त्या दिवशीही थांबली नाही. मुलगा कामावर, सून भाषा शिकायच्या क्लासला. मी रस्त्यात उभी राहून बोंब मारली, "पोरगं आत हाय! दूध उतू जाईल, कुणीतरी या की!"

समोरून एक म्हातारा आला. त्याने टोपी काढली, थोडा वाकला आणि शांतपणे म्हणाला, "बुएनोस दियास." म्हणजे नमस्कार. त्या गावात आधी नमस्कार करतात, मग काय ते बोलतात. दुकानात शिरताना करतात, अनोळखी माणूस जेवत असला तर त्यालाही दोन चांगले शब्द बोलून पुढं जातात. कुणी तिकडं जाणार असेल तर ध्यानात ठेवा, नमस्काराला उत्तर दिलं नाही तर माणसं तुम्हाला उद्धट समजतात. मी म्हटलं, "आरं नमस्कार मरू दे तुझा, दार उघड!" तो घाबरून बाजूला झाला.

आमच्या घराला लागून तोर्तियाचं दुकान होतं. तोर्तिया म्हणजे त्यांची मक्याची पातळ भाकरी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, भाकऱ्या यंत्रातून निघतात आणि किलोवर विकतात. बायका घरून फडकं आणतात आणि गरम चळत त्यात गुंडाळून नेतात. दुकानाची बाई माझ्याच वयाची, अंगानं दांडगी. येऊन मला काही महिने झाले होते आणि आम्ही रोज एकमेकींना बघत होतो, बोललो कधीच नव्हतो. ओरडा ऐकून ती बाहेर आली. मी दोन्ही हातांनी पाळणा हलवून दाखवला आणि दाराकडं बोट केलं. तिने रांगेतल्या बायकांना तसंच सोडलं, माझं मनगट धरलं आणि दुकानातून मागच्या जिन्यानं मला गच्चीवर नेलं.

तिथल्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे कमरेएवढी भिंत. मी नऊवारीत होते, ओलांडली. आमच्या गच्चीवर सकाळी मी लंगोट वाळत घातले होते. तिथल्या ज्वालामुखीच्या डोंगरातून धूर निघतो, कधी राख पडते आणि धुतलेलं पुन्हा धुवावं लागतं. म्हणून सारखी वरखाली करायचे आणि गच्चीच्या दाराला कडी लावत नव्हते. मुलगा त्यावरून रोज बोलायचा. दार उघडंच होतं.

खाली उतरलो तर दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि घरभर वास. तिने पदरासारखा तिचा ॲप्रन नाकाला लावून बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. मी पोराला उचललं. ते झोपलेलंच. मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. रडलं. मग मी खाली बसले.

बाई पाठीवर थोपटत काहीतरी बोलत होती. मी म्हटलं, "बाई, मला कळत न्हाय तू काय म्हणतीस ते. पर बोल." ती बोलत राहिली.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, किल्ली न घेता गेलीस व्हय?"

"आपल्या घराला किल्ली कवा व्हती रं?"

"हे कोल्हापूर न्हवं."

"ते मला रोज दिसतंय की."

दुसऱ्या दिवशी सुनेने किल्लीला दोरा ओवून माझ्या गळ्यात घातली. बरोबर केलं.

त्यानंतर दुपारी पोराला घेऊन मी दुकानात बसायला लागले. ते लोक जेवतात तीनच्या पुढं, तोवर गर्दी असायची. एकदा मी त्यांच्या पिठाची भाकरी थापून दाखवली. तुटली. बाई पोट धरून हसली. मी म्हटलं, "हसतीस काय, तुला यंत्राशिवाय येती का?" तिने थापली. तिचीही तुटली.

पण तास दोन तासच. बाकी दिवस भिंतींचा. सांज झाली की रताळी भाजणारा गाडीवाला यायचा. त्याच्या भट्टीची वाफ लांब शिट्टी मारते. पहिल्यांदा मला साखर कारखान्याचा भोंगा वाटला होता आणि मी उठून खिडकीत गेले होते. तो भोंगा नाही हे कळल्यावरही रोज जात राहिले.

पोरगं चालायला लागल्यावर मी परत आले. खानावळ बंद पडली होती, पोरं दुसरीकडं जेवायला लागली होती. दार दिवसभर उघडंच असतं, कुणी येत नाही. कधी कुत्रं येतं.

मुलगा तिथंच राहिला. बाई वारल्याचं त्यानंच फोनवर सांगितलं, दुकान आता तिची सून बघते म्हणाला. नातवाला मिशी फुटली आहे. त्याला मराठी येत नाही, मला त्याची भाषा येत नाही. फोनवर तो "आजी" म्हणतो, मी "व्हय" म्हणते, मग तो फोन बापाकडं देतो. त्या दिवसाचं त्याला काही ठाऊक नाही.

तो तिकडं जिवंत आहे. मी इथं आहे.