शालूवरचं ब्लाऊज

वडगावच्या सिटी बसमध्ये ती रोज भेटायची. साडीच्या दुकानात कामाला होती. दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडायच्या. आधी एका उडीत बसमध्ये चढून माझ्यासाठी जागा धरायची. लग्न ठरल्यापासून मात्र दोन्ही हातांनी दांडा धरून चढायला लागली. डब्यात भाकरीच्या जागी काकडी आली.

परवा उतरायला उठली आणि तोल जाऊन माझ्यावरच कलली. मी तिला बसवलं, माझ्या डब्यातली भाकरी हातात दिली. तिनं तुकडा मोडला, हुंगला आणि परत ठेवला.

"नको आक्का. शालूवरचं ब्लाऊज सासूबाईंनी शिवून धाडलंय, ते बसत न्हाय."

"माप चुकलं व्हय गं?"

"न्हाय. माप बरोबर दिलतं. त्यांनीच कमी करून शिवून घेतलंय. लग्नापतोर ह्यात मावायला पायजे म्हणाल्या."

माझं डोकंच फिरलं. नवऱ्या मुलाचं पोट किती, हे कुणी विचारलं होतं? त्याचा कोट त्याच्याच मापाचा शिवला असणार.

"उसवून सैल कर की," मी म्हटलं.

ती ओढणी सारखी करत म्हणाली, "बघितलं उसवून. आत जादा कापडच ठिवलं न्हाय."